रानचा घास

माझ्या हातातली लसणाची गड्डी आत्याबाईंनी काढून घेतली आणि आपल्या ओच्यात टाकली.

"हात हलत्यात तुझं," त्या म्हणाल्या. "हात हलला की पाखरू येत न्हाई."

भांडायलाही अंगात जीव लागतो, तो तेव्हा माझ्याकडे नव्हता. आम्ही दोघी सासू-सुना मागच्या दाराच्या पायरीवर बसलो होतो. समोर धुण्याच्या दगडावर दही-भाकरीचा एक घास ठेवलेला होता. ऊन मी म्हणत होतं, घास वाळून कडांनी वर वळला होता, आणि त्याच्याकडे काळं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. फिरकलं असतं तरी चाललं नसतं म्हणा. कुत्रं आत्याबाईंच्या कायद्यात बसत नव्हतं.

आत स्वयंपाकघरात त्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं. दगडावरचा घास कुणीतरी उचलून नेल्याशिवाय त्या ताटावरचं झाकण निघणार नव्हतं. दुपार कलायला लागली होती, त्यांची रक्तदाबाची गोळी जेवणानंतरची होती, आणि मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात बारीक थरथरत होता. मला ते दिसत होतं, आणि मला ते दिसतंय हे त्यांनाही कळत होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूरच्या बाहेर, माळ फोडून पाडलेल्या प्लॉटांवर आमचं हे घर होतं. मी एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. पहाटे अंधारात स्कूटी काढायची, ज्यांना लॅबपर्यंत येणं होत नाही अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, मग लॅब, दुपारी घरी येऊन स्वयंपाक-धुणीभांडी, संध्याकाळी परत लॅब. घरोघरी जायचं काम खरं तर माझं नव्हतं. ते मी मागून घेतलं होतं, रणधीर गेल्यावर.

रणधीर माझा नवरा. दिवाळीत आकाशकंदील लावायला स्टुलावर चढला, छातीत कळ आली म्हणून खाली उतरला, आणि पायरीवर टेकला तो उठलाच नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रडले नाही. लोकांनी कौतुक केलं, वाघीण आहे म्हणाले. वाघिणीला एक सोय नसते, तिला कुणी विचारत नाही की बाई, तुझे पाय दुखतात का.

आत्याबाई, म्हणजे रणधीरची आई, दिवसकार्याला गारगोटीकडच्या गावाहून आल्या त्या परत गेल्याच नाहीत. गावाला त्यांचं घर होतं, दोन म्हशी होत्या. म्हशी भावकीत देऊन टाकल्या आणि एक गाठोडं घेऊन त्या माझ्याकडे राहिल्या. का राहिल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण आमची ओळख गौरी-गणपतीची आणि जत्रेची, चार दिवसांची. दोघींना जोडणारा माणूस भिंतीवर हार घालून बसलेला, आणि खाली आम्ही एकमेकींना चहा देत होतो.

शिमगा झाल्यावर एक दिवस मी त्यांना जेवायला वाढलं, तर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"घास कुठं ठेवलाईस?"

मला वाटलं, ही त्यांच्या घरची रीत असेल. बऱ्याच घरांत पहिला घास कावळ्याला, गायीला काढून ठेवतात. मी भाकरीचा तुकडा मोडून मागच्या कट्ट्यावर टाकला आणि आत आले. त्या हलल्या नाहीत. कुणीतरी खाऊ दे, मग जेवते म्हणाल्या.

तिथून पुढे हा कायदा रोज एकेका कलमानं वाढत गेला. घास रानच्या जीवानं खायला हवा, पाळलेल्यानं नव्हे. शेजारच्या खाडेवहिनींचं मांजर खाऊन खाऊन पिंपासारखं झालं होतं आणि ते कुंपणावर टपूनच असायचं, म्हणून राखणीला माणूस हवा. राखणीला कोण? ज्या हातानं रांधलं त्याच हातानं घास ठेवायचा आणि त्याच माणसानं बसायचं. बसताना हातात काम नको, पाखरू बुजतं. मोबाइल तर नकोच, त्याच्या चकाकण्यानं पाखरू माळापर्यंत पळतं. भाजी निवडायची नाही, कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत. नुसतं बसायचं.

मला त्याचा अर्थ कळला असं मला वाटलं. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा पटकन शिवला होता, मुलगा सुटला म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला होता. आई मात्र सुटली नसावी. म्हातारी लेकाची वाट बघतेय, एक दिवस तो कावळा होऊन येईल आणि आपल्या हातचं खाईल, या आशेवर बसलीय, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. मला दया यायची आणि संतापही यायचा. तिचा लेक गेला तसा माझा नवरा गेला नव्हता का? पण मी काय त्याच्यासाठी जगाला उपाशी ठेवत होते?

आणि आमच्या परसात यायचं तरी कुणी? रणधीरला सापांची भारी भीती. त्यानं कुंपणापासून कुंपणापर्यंत शहाबादी फरशी बसवून घेतली होती. गवताची काडी उगवायला जागा नाही. एक धुण्याचा दगड, एक वाळत घालायची तार, एक मोडका कूलर. तिथे फक्त मुंग्या यायच्या.

"मुंग्या चालतील का?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"घास उचलून न्यायला पायजे," त्या म्हणाल्या. "मुंग्या तिथंच पंगत मांडत्यात."

एकदा मी घास गुपचूप कुंपणापलीकडे भिरकावला आणि आत येऊन सांगितलं, झालं, खाल्ला.

"कोण आलतं?"

"चिमणी."

"एवढा घास चिमणीनं नेला?" आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "चिमणी काय हमाल हाय?"

त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत जेवल्या नाहीत. मी लॅबमधून परत आले तेव्हा पायरीवर बसलेल्या, ओठ कोरडे पडलेले. तेव्हा मात्र मी घाबरले. एका घरातून एका वर्षात दोन माणसं उचलायची माझी ताकद नव्हती, हे मी अगदी सरळ सांगते. मी ठरवलं, पाखरू काय, गेंडा येऊ दे, पण घास ठेवल्या ठेवल्या कुणीतरी आलं पाहिजे. म्हणजे म्हातारी वेळेवर जेवेल आणि मी माझ्या कामाला लागेन.

मग मी रक्त घेता घेता लोकांना विचारायला लागले. सुई टोचताना माणसाला दुसरं काहीतरी बोलायला हवंच असतं. एकानं सांगितलं, पाणी ठेवा, पण उथळ, आणि त्यात एक दगड ठेवा, पाखराला पाय टेकायला. दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं, पिकलेली पपई अर्धी कापून खिळ्याला लावा, बुलबुल वास काढत येतात. एका आजोबांनी हात पुढे करून डोळे मिटले आणि म्हणाले, फरशीवर कोण येणार बाई, फरशीवर तर माणूससुद्धा चप्पल घालून येतो.

ते खरं होतं. बाजूच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून मी पहार मागून आणली आणि कुंपणालगतच्या फरश्या उचकटून काढल्या. रणधीरनं एवढ्या हौसेनं बसवलेल्या. पहार घालताना माझा जीव खालीवर झाला, पण आत्याबाई पायरीवरून म्हणाल्या, "काढ काढ, त्यो काय बगायला येतोय." फरशीखालची माती ओलसर होती, अजून जिवंत. त्या मातीवर मी जुनी परात पाण्यानं भरून ठेवली, बाभळीची एक वाळकी फांदी कुंपणाला टेकवून उभी केली, आणि जे उगवेल ते उगवू दिलं.

पहिल्यांदा आला सरडा. त्याला घासात रस नव्हता, पण तो आला, मान हलवून आम्हाला होकार दिला आणि गेला. मग साळुंक्यांचं एक जोडपं यायला लागलं, भाड्याची खोली बघायला आल्यासारखं, सारखं आपसात भांडत. पपईवर बुलबुल आले. परातीत अंघोळ करायचे आणि पाणी पार माझ्या पायापर्यंत उडवायचे. एका दुपारी कुंपणावरून कुक्कुडकोंबा, म्हणजे भारद्वाज, चालत गेला, लाल डोळे, तांबडे पंख, तालुक्याचा साहेब तपासणीला आल्यासारखा सावकाश. आत्याबाईंनी त्याला हात जोडले. तो दिसणं चांगलं असतं.

घास मात्र पहिल्यांदा उचलला खारीनं. शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी होती. ती दगडावर चढली, तुकडा दोन्ही हातांत धरला, आमच्याकडे पाठ करून थोडा खाल्ला आणि उरलेला तोंडात धरून बाभळीच्या फांदीवरून पसार झाली. मी एवढी खूश झाले की उठून टाळीच वाजवणार होते.

"बस," आत्याबाई म्हणाल्या. "परत येती का बगू."

मी बसले. ती परत आली.

पुढे पुढे असं व्हायला लागलं की घास जाऊन बराच वेळ झालेला असायचा आणि मी तिथेच बसलेली असायची. साळुंकीची पिल्लं पहिल्यांदा खाली उतरली, त्यांतल्या एकाला उडायचं कसं तेच समजेना, आणि आई-बाप कुंपणावरून त्याला शिव्या घालत होते. ते बघताना माझी कढी उतू गेली. आत्याबाई कधी म्हणाल्या नाहीत की घास गेला, आता उठ. त्या गप्प बसायच्या, आणि मग कधीतरी मीच दचकून उठायची आणि त्यांना वाढायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला झोप यायला लागली होती. पण थकवा जात नव्हता. उलट आधी तो कुठेतरी लांब होता, आता जवळ येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसायचा.

एका गोष्टीचा मात्र मला उलगडा होत नव्हता. मी एकदा ताकाचं भांडं घेऊन बाहेर येत होते, तर आत्याबाई दगड मारताना दिसल्या. त्यांच्या बसायच्या जागेजवळ बारीक खड्यांची एक ढिगुळी असायची. मला वाटायचं, मांजरासाठी आहे. पण त्यांनी खडा मारला तो कावळ्याला. घासापासून हातभर अंतरावर कावळा उतरला होता, आणि त्यांनी त्याला नेम धरून हुसकला.

"अहो, कावळाच होता," मी म्हणाले. "त्याचीच तर वाट बघतोय ना आपण?"

"त्यो खाडीणबाईच्या खिडकीतली चपाती खातोय रोज," त्या तोंड फिरवून म्हणाल्या. "पाळल्यागतच झालाय. रानचा न्हवं."

लेकाची वाट बघणारी आई कावळ्याला दगड मारते, याचा मला काही मेळ बसेना. म्हातारपणी डोकं फिरतं, एवढंच म्हणून मी सोडून दिलं.

वैशाखात मुंगूस आलं. कुंपणाच्या तळाशी सांडपाणी जायचं भोक होतं, तिथून त्याचं नाक आधी आलं, मग डोळे, मग सगळं. रविवार होता, आमच्यात अंडी केली होती, म्हणून घासात अंड्याचा तुकडा होता. मुंगसानं तो उचलला तो असा, की दगडावर काही होतं की नव्हतं असं वाटावं. त्या दिवसापासून रविवारच्या घासावर त्याचा हक्क ठरला. ते फार उशिरा यायचं, आणि आत्याबाई रविवारी त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दगडाजवळ येऊ द्यायच्या नाहीत.

आता आमचं हे परस खाडेवहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुरतं दिसतं. त्यांना काय दिसत होतं? तर एक म्हातारी पायरीवर सुकलेल्या तोंडानं बसलेली, आत तिचं ताट झाकलेलं, आणि तिच्याशेजारी धडधाकट सून, हाताची घडी घालून, काहीएक काम न करता. दुपार दुपार. खाडेवहिनींचं माहेर गारगोटीचं. बातमीला तिथे पोचायला कितीसा वेळ लागतो.

शालन वन्सं, म्हणजे रणधीरची धाकटी बहीण, रविवारीच आल्या. त्यांच्या मालकांनी जीप दारात उभी केली आणि ते आतच बसून राहिले, इंजिन बंद न करता. वन्सं घरातून सरळ मागच्या दारी आल्या. घास दगडावर होता. आम्ही पायरीवर होतो. त्यांनी झाकलेलं ताट येताना बघितलेलं दिसत होतं.

"आई, ऊठ," त्या म्हणाल्या. "पिशवी भर. माझ्याकडं चल."

आत्याबाईंनी वर बघितलं. "जेवण व्हायचंय."

"तेच म्हणतीया मी. दिवस कलला तरी जेवण व्हायचंय." मग त्या माझ्याकडे वळल्या. गावभर काय बोललं जातंय ते त्यांनी मला सांगितलं. सून सासूला उपाशी ठेवते आणि समोर बसून मजा बघते. दादा गेला तर आता म्हातारीचं ओझं झालंय. घर आपल्या नावावर करून घेतलंय आणि तिला वाळवून मारायचा बेत आहे. त्यांचा आवाज चढत नव्हता, ते जास्त वाईट होतं. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खरं सांगायचं तर मला राग आला नाही. मला वाटलं, न्या. घेऊन जा. घर रिकामं होईल, दुपारी परत यायची गरज नाही, लॅबमध्येच डबा खाईन. कुणाचं झाकलेलं ताट नको की कुणाची थरथरणारी बोटं नकोत. पण त्याच वेळी मनात आलं, आत्याबाई गेल्या तर या पायरीवर मी कशाला बसेन? आणि बसले नाही, तर माझं काय होईल? हा प्रश्न मला रणधीर गेल्यापासून पहिल्यांदा पडला.

"मी उपाशी नाही ठेवत, वन्सं," मी म्हणाले. "घास उचलल्याशिवाय त्याच जेवत नाहीत. तुमच्या घरची रीत आहे ना."

"कसली रीत?"

"रानच्या जीवाला घास ठेवायची. त्यानं खाल्ल्यावर मग आपण जेवायचं. रविवारी मुंगूस येतं, त्याचीच वाट बघतोय."

शालन वन्संनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं, मी खोटं बोलतेय की वेडी झालेय ते ठरवत असल्यासारखं.

"आमच्यात असलं कवाच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आई आणि घास? अगं, आमच्या आईला मी ताटावर बसून जेवताना बघितलीच न्हाई कवा. आबा गेले तवा मी दोन वर्षांची. चुलीपुढं उभ्यानं भाकरी खायची, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातानं म्हशीला पेंड. आणि पाखरं? सांडगं वाळत घातलं की गोफण घिऊन बसायची. कावळा तर तिला बघवायचा न्हाई."

मग आम्ही दोघींनीही आत्याबाईंकडे बघितलं.

त्या घासाकडे बघत होत्या. पुढच्या दारी जीपचं इंजिन घुरघुरत होतं.

"ती बसत नव्हती," त्या शेवटी म्हणाल्या.

"कोण?"

"ही." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "रणधीर गेल्यापासनं. एक दिवस पाठ टेकली न्हाई हिनं. बस म्हटलं की उठायची. जेव म्हटलं की भांडी घासायची. रातचं कपडे धूत बसायची, सकाळी तेच परत धुवायची. म्हटलं, हिला सांगून बसायची न्हाई. सासू उपाशी हाय म्हटल्यावर बसंल. बसली."

माझ्या हातांचं काय करावं ते मला कळेना. मी ते मांडीवर ठेवले.

"मग त्या मुंगसाची वाट कशाला?" शालन वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. "कावळ्याला घालायचं की. कावळा लगेच येतोय."

"लगेच येतोय म्हणूनच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ठेवला की उचलला. मग ही लगेच उठंल. म्हणून खडं ठेवल्यात."

"आणि त्यात दादा असला तर? आई, कावळ्यात दादा असला तर?"

आत्याबाईंनी ढिगुळीतला एक खडा उचलला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला.

"असला तर त्याला कळंल की," त्या म्हणाल्या. "बायकू जरा बसलीया, तिला बसू द्यावं, एवढं त्याला कळंल. त्याला मी तसा वाढवलाय." मग काही वेळानं, आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मला कुणी बसीवलं न्हाई, शालन. तुला ठाव हाय."

शालन वन्सं खाली पायरीवर बसल्या. उभ्या होत्या त्या तशाच, पदर सावरायच्या आधी.

मला तेव्हा रडू आलं. घशाखालून, पोटातून, मला आवरता येईना असं. दिवाळीपासून जे कुठे ठेवलं होतं ते सगळं एकदम आलं. घाटावर आलं नव्हतं, तेराव्याला आलं नव्हतं, त्याचे शर्ट बोहारणीला देताना आलं नव्हतं. मी तोंडावर हात नेला. आणि नेमकं त्याच वेळी कुंपणाच्या भोकातून ते करडं नाक बाहेर आलं.

माझा हात तोंडापाशी थबकला. आवाज झाला तर जाईल, पळून जाईल, आणि मग म्हातारीचं जेवण, तिची गोळी. मी हुंदका गिळायला लागले.

"रड," आत्याबाई म्हणाल्या, ओठ न हलवता. "रडण्याला भीत न्हाई ते. हाताला भीतं."

मी हात खाली ठेवला आणि रडले. मोठ्यानं रडले, खाडेवहिनींच्या खिडकीपर्यंत जावं इतकं. मुंगूस भोकाच्या तोंडाशी थांबलं, मागच्या पायांवर उभं राहून त्यानं आम्हा तिघींकडे एकेक करून बघितलं. मग ते पूर्ण बाहेर आलं. त्याच्यामागून एक पिल्लू आलं, आणि त्याच्या शेपटीला नाक लावून दुसरं. मोठं मुंगूस दगडाकडे निघालं आणि मध्येच थांबलं, परातीतलं पाणी प्यायलं, पिल्लांना पिऊ दिलं. त्याला कसलीच घाई नव्हती.

पुढच्या दारी वन्संच्या मालकांनी हॉर्न वाजवला. मुंगूस जागच्या जागी ताठ झालं.

"जा," आत्याबाई वन्संना म्हणाल्या. "हळू जा. त्यास्नी सांग गाडी बंद करा."

शालन वन्सं पाय न वाजवता उठल्या आणि भिंतीला धरून घरात गेल्या. इंजिन बंद झालं. मग त्यांचा दबका आवाज आतून ऐकू आला. त्या मालकांना सांगत होत्या, आत येऊन बसा, आईची पिशवी भरायची न्हाई. जेवायला वेळ लागणार हाय. आणि चपला दारातच काढा.